गेटपासवरचा चेहरा

डॉक्टर रोशनी गांगुर्डे यांनी तपासणी संपवली, हात धुतले आणि नवनाथ पाळदे यांना सांगितलं, "काका, मला तुमचे जुने फोटो लागतील. मागच्या दहा-बारा वर्षांतले. समोरून काढलेले, चेहरा नीट दिसेल असे."

नाशिकच्या जेल रोडवर चौतीस वर्षं 'सुहास्य फोटो स्टुडिओ' चालवलेल्या माणसाकडे फोटो मागणं म्हणजे हलवायाकडे साखर मागण्यासारखं होतं. गेल्या पंधरवड्यात वेगवेगळ्या डॉक्टरांनी नवनाथरावांकडे रक्त मागितलं होतं, लघवी मागितली होती, आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स मागितल्या होत्या. आनंदाने द्यावी अशी वस्तू पहिल्यांदाच कोणी मागत होतं.

"रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट?" त्यांनी विचारलं.

"पप्पा," शेजारी बसलेली निकिता म्हणाली, "डॉक्टर अल्बम करत नाहीयेत."

प्रश्न उजव्या डोळ्याचा होता. तो तीन महिन्यांपासून पुढे यायला लागला होता. आधी पापणी जड झाली, मग चष्म्याची काच पापण्यांच्या केसांना टेकायला लागली आणि मग एक दिवस समोरच्या पिंपळाचे दोन पिंपळ दिसले. एका मोठ्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. डोळ्याच्या खोबणीत, बाहेरच्या कोपऱ्याला, बोराएवढी गाठ. तिथले डॉक्टर सभ्य होते. ते म्हणाले, कॅन्सर धरूनच चालायचं, गाठ पूर्ण काढायची, डोळा राहील असं मात्र लिहून देता येणार नाही. उलट पाळद्यांनाच एका कागदावर लिहून द्यावं लागलं की डोळा गेला तर आमची हरकत नाही. शुक्रवारची तारीख मिळाली. आज सोमवार होता. निकिता बँकेत नोकरीला, तिथे ती कुठल्याच कागदावर एका सहीने समाधान मानत नसे. तिने वडिलांना उचलून कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं होतं.

डॉक्टर गांगुर्डे वयाने निकितापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या, त्यामुळे आवाज गाडीच्या वर चढवायची सवय. त्यांनी दोन टोकांना आरसे असलेली एक पट्टी नवनाथरावांच्या डोळ्यांसमोर धरली, वाचली, म्हणाल्या, "उजवा सहा मिलिमीटर पुढे आहे." मग जबड्याखाली दोन्हीकडे बोटांनी चाचपलं. "इथे हे कधीपासून?"

"ते वयाचं असेल."

"आणि डोळा?"

"तीन महिने. त्याआधी काही म्हणजे काही नव्हतं. चेहऱ्याच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही डॉक्टर. धंदाच तो होता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, सरळ सांगते. डोळ्यामागे गाठ दिसली की सगळ्यांना आधी कॅन्सर आठवतो, आणि ते चूक नाही. पण काही गाठी म्हणजे नुसती सूज असते. शरीरातली संरक्षणाची फौज काही कारण नसताना तिथे जाऊन तळ ठोकते. स्कॅनमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात. एकीला सुरी लागते, दुसरीला गोळ्या. तीन महिन्यांत उगवलेली गाठ म्हणजे एक गोष्ट. दहा वर्षं हळूहळू, दोन्ही डोळ्यांना, जबड्याखाली, असं चाललेलं असेल तर वेगळी गोष्ट."

"मग तुकडा काढून तपासा की," निकिता म्हणाली.

"काढायचाच आहे. पण लॅबवाल्याला आपण जे विचारतो ते तो शोधतो. 'कॅन्सर आहे का' एवढंच विचारलं तर तो तेवढंच बघेल, आणि या सुजेत अशा पेशी असतात की बघणाऱ्याला 'नाही' म्हणायची भीती वाटते. दुसरंही काही शोध म्हणायचं, तर माझ्याकडे तसं म्हणायला कारण हवं."

"आणि शुक्रवार?" नवनाथरावांनी विचारलं.

"बुधवारी फोटो घेऊन या. मग शुक्रवारचं ठरवू."

मंगळवारी सकाळी माळ्यावरून चौदा अल्बम खाली आले. नवनाथराव ते चाळत बसले, चांगला डोळा उघडा आणि दुखरा रुमालाने झाकून. दहा वर्षांपुरतं बघायचं होतं, पण फोटोवाल्याने अल्बम शेवटून उघडायचा ही कल्पनाच त्यांना सहन होईना. ते पहिल्यापासून सुरू झाले.

पहिल्या पानावर स्टुडिओच. अठ्ठ्याऐंशी साल. मागे धबधबा आणि दोन हंस असलेला पडदा, सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या मनमाडच्या एका पेंटरने केलेला. त्याला हंस कधी दिसले नव्हते, म्हणून त्याने ओळखीची बदकं काढून माना लांबवल्या होत्या. पुढे प्लॅस्टरचा अर्धा खांब. त्या खांबावर हात ठेवून एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, नोटांच्या प्रेसमधले आणि देवळाली कॅम्पातले किती लोक उभे राहिले असतील, याला गणती नाही. आरशाजवळ पावडरचा डबा आणि सुतळीला बांधलेला कंगवा. सुतळी अशासाठी की आधीचे तीन कंगवे नटूनथटून गिऱ्हाइकांबरोबर निघून गेले होते.

पण स्टुडिओचं नाव झालं ते आतल्या खोलीमुळे. तिथे काचेचं उतरतं टेबल होतं, खालून बल्ब. नवनाथराव त्यावर निगेटिव्ह ठेवत आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवत, मस उडवत, गालावरच्या खड्ड्यांत भर घालत. ब्लेडच्या कोपऱ्याने खरवडून त्यांनी कितीतरी लोकांचे मिटलेले डोळे उघडले. तिरळे सरळ केले. दोन्ही डोळे एका मापाचे करणं ही तर त्यांची खास कामगिरी. लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा तर सुहास्यमध्येच, असं सिन्नर फाट्यापासून बोललं जाई. प्रेसमध्ये नोटा छापणारी माणसं, ज्यांना खोटी नोट अंधारात हाताला कळायची, तीही स्वतःच्या मुलीचा फोटो बघून 'अगदी हुबेहूब' म्हणत.

एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या लंकाबाईचं तर कितीदा सांगून झालं होतं. तिला बघायला विंचूरचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी समोर बसलेली पाहिली आणि मुलाचा मामा अदबीने म्हणाला, "ही थोरली वाटतं? फोटोतलीला बोलवा आता." तरी लग्न जमलं. मुलाचा फोटोही सुहास्यचाच होता.

"हसताय काय एकटेच?" सिंधुबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डॉक्टरनी फोटो मागितलेत, हसायला नाय सांगितलं."

"लंकाबाई आठवली."

"ती बरीय. नातू झाला तिला. तुम्ही आपलं बघा."

मग कॉम्प्युटर आला, पेन्सिल गेली, माऊस आला. ज्याला तीन तास लागत त्याला तीन मिनिटं पुरायला लागली. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला तीन मिनिटांचंही काम उरलं नाही. बावीस साली शटर ओढलं. आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. धबधब्याचा पडदा कव्हरं विकणाऱ्या पोराने माल झाकायला ठेवून घेतला.

दुपारपर्यंत नवनाथरावांनी चोवीस फोटो निवडले. दर वर्षाचे दोन. सत्कार, वाढदिवस, घराची वास्तुशांत, निकिताचं पदवीदान. कॅमेरा स्टँडवर ठेवून, टायमर लावून, धावत जाऊन उभं राहून काढलेले. प्रत्येकात एक रुबाबदार गृहस्थ समोर बघत होते. दुसऱ्या कोणाच्या कॅमेऱ्यात त्यांनी कधी चेहरा दिला नाही. लग्नात कोणी मोबाईल रोखला की ते म्हणत, "इकडे दे, मी काढतो तुमचा." त्यामुळे सगळ्या नातलगांचे फोटो उत्तम होते आणि त्यांत नवनाथराव कुठेच नव्हते.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि भिंग घेतलं.

"दोन हजार तेरा... सारखे आहेत." पुढचा. "पंधरा. सारखे. सतरा... अगदी सारखे." त्या बराच वेळ एकोणीसच्या फोटोवर थांबल्या. "पापणीची घडी दोन्हीकडे एकाच उंचीवर. जबडाही स्वच्छ." त्यांनी भिंग ठेवलं. सोमवारी त्यांच्या आवाजात जी गाडीवर मात करणारी धार होती ती खाली आली. "म्हणजे तुम्ही म्हणता तेच बरोबर, काका. हे नवीनच आहे. तीन महिन्यांत एवढी वाढ... मग मला शुक्रवार लांबवा म्हणायला जागा नाही. मी त्या डॉक्टरांशी बोलून घेते."

आणि त्या क्षणी भिंगाखालच्या त्या फोटोकडे नवनाथरावांनी स्वतः पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखं बघितलं.

तो फोटो त्यांनी केलेला होता. काढलेला तर होताच, पण केलेलाही. चोवीसच्या चोवीस. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात काय करतो ते डोक्याला कळवत नाही; जेवताना घास तोंडाकडे जातो तसा त्यांचा हात चेहऱ्यावरच्या फुगवट्याकडे जायचा. उजवी पापणी जड दिसली की उचलायची. जबड्याखाली सावली आली की पुसायची. त्यांना ते खोटं कधी वाटलंच नव्हतं. ते फिनिशिंग होतं.

बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण शेजारी निकिता बसली होती, आणि निकिताच्या डाव्या पापणीला जन्मापासून किंचित झोक होता, अर्धवट झोपेतून उठल्यासारखा. अल्बममधल्या निकिताला तो नव्हता. बारशापासून पदवीपर्यंत कुठल्याच फोटोत नव्हता. बापाने एकही फोटो सोडला नव्हता. ते वाक्य बोलायचं तर इथवर बोलावं लागणार होतं. नवनाथराव गप्प बसले. आपला डोळा चालला आहे आणि आपण मान राखायला गप्प आहोत, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. तरी गप्प बसले.

डॉक्टर फोटो गोळा करायला लागल्या. पदवीदानाच्या फोटोवर त्यांचा हात थांबला. "ही कोण?"

"मीच," निकिता म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो बघितला. निकिताकडे बघितलं. परत फोटो. उठून निकिताच्या जवळ आल्या, हनुवटीला हात लावून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. "ही डावी पापणी कधीपासून अशी आहे?"

"जन्मापासून."

"या फोटोत नाहीये."

"नाही," निकिता म्हणाली.

डॉक्टर सावकाश वळल्या. "काका, हे फोटो कोणी काढले?"

"मी."

"आणि काढल्यावर?"

नवनाथरावांनी रुमाल काढला, डोळ्याला लावला, परत खिशात ठेवला. "थोडं फिनिशिंग करतो आम्ही," ते म्हणाले.

"किती थोडं?"

"डोळे... समान करतो."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. क्षणभर वाटलं त्या ओरडणार. पण त्या म्हणाल्या, "काका, मी पंधरा मिनिटं तुमच्या पेन्सिलीची तपासणी करत होते. आणि तिच्या भरवशावर तुमचा डोळा घालवणार होते."

बाहेर जिन्यात नवनाथराव निकिताकडे न बघता म्हणाले, "निकी, ते तुझ्या फोटोंचं..."

"मला माहितीये पप्पा."

"कधीपासून?"

"फर्स्ट इयरपासून. स्मितानं मोबाईलमध्ये फोटो काढला माझा. मी तिला म्हटलं, तुझा मोबाईल बिघडलाय, दुकानात दाखव." ती हसली, पण पायऱ्या बघत. "दोन दिवस भांडत होते मी तिच्याशी."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढं मन लावून करायचात."

नवनाथराव कठड्याला धरून उतरले, कारण पायऱ्या दोन-दोन दिसत होत्या.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. तुमचा हात न लागलेला एक तरी चेहरा आणा, म्हणाल्या होत्या. आधार कार्डावरच्या फोटोत माणूस आहे की रांजण हे ठरवता येत नव्हतं. पासपोर्टचा फोटो अर्थातच सुहास्यचा. निकिताने सगळ्या चुलत-मावस भावंडांना मेसेज टाकले. सगळीकडून काकांनी काढलेले फोटो आले, काकांचा एकही नाही. एका चुलतभावाने हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि विचारलं, काय झालं, सिरियस आहे का.

सिंधुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. कणीक मळता मळता ऐकलं, म्हणून मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरीणबाईला एवढंच पाहिजे का, की डोळा कधीपासून सुजतोय?"

"हो."

"मग मला नेलं असतं. निकी बारावीला होती तेव्हापासून सुजतोय. मी बोलले नव्हते का? तुम्ही म्हणले, उजेडाचा फरक हाय."

उजेडाचा फरक, हे नवनाथरावांचंच वाक्य होतं. गिऱ्हाईक आपला खरा चेहरा बघून बिचकलं की ते हेच सांगत.

"आई, तुझ्या सांगण्यानं होणार नाही गं, फोटो पाहिजे," निकिता म्हणाली.

"मग फोटो घे." सिंधुबाईंनी पिठाच्या हाताने दाराशेजारच्या खुंटाळ्याकडे बोट दाखवलं. "लटकलेत की सगळे."

खुंटाळ्यावर घरातल्या किल्ल्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक किल्लीला एक निळी नाहीतर लाल पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला प्लॅस्टिकमधलं एक कार्ड. गच्चीची किल्ली, पाण्याच्या टाकीची, मागच्या दाराची, जुन्या सायकलच्या कुलुपाची. घरातले तिघं रोज त्यांना हात लावत होते आणि गेल्या कित्येक वर्षांत कोणी ती कार्डं वाचली नव्हती.

ते गेटपास होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात एका कंत्राटदाराच्या मजुरांची ओळखपत्रं करायचं काम नवनाथरावांकडे होतं. त्यासाठी आत जायला त्यांनाही पास लागे, आणि दर दोन-तीन वर्षांनी तो नवा निघे. फोटो कंत्राटदाराच्या केबिनमध्ये, टेबलावरच्या कॉम्प्युटरला चिकटवलेल्या बोटभर कॅमेऱ्याने काढायचा. काढायला नाथा नावाचा सुरक्षारक्षक. त्याची पद्धत अशी की आधी बटण दाबायचं आणि मग म्हणायचं, "हलू नका हां." पहिल्या वेळी नवनाथरावांनी खिशातून स्वतःचा तयार फोटो काढून दिला होता. नाथाने तो बघितला, त्यांच्याकडे बघितलं आणि परत दिला. "इथं काढलेलाच लागतो. नाय तर उद्या कोणीबी येईल सायेब, ह्याच्यासारखा दिसणारा."

हे शब्द त्यांना लागले होते. पासची मुदत संपली की ते तो घरी येऊन कचऱ्यात टाकत. सिंधुबाई तो कचऱ्यातून काढत, कारण पट्टी मजबूत होती आणि किल्ल्या हरवत होत्या.

निकिताने खुंटाळ्यावरून एकेक पास उतरवला. सहा निघाले. प्रत्येकावर तारीख छापलेली, कंत्राटदाराचा शिक्का, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्यात वाईट फोटोग्राफरने काढलेला नवनाथ पाळदे.

संध्याकाळी सिंधुबाईही बरोबर आल्या. डॉक्टरांनी सहा पास तारखेने लावले आणि दिवा जवळ ओढला. नवनाथरावांना ते बघवत नव्हतं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने नाकाची सावली ओठांवर पडली होती. पाठीमागे अग्निशामक नळकांडं आणि कुणाचा तरी डबा.

"दोन हजार दहा. स्वच्छ." डॉक्टरांचं बोट सरकलं. "बारा. उजवी पापणी, बाहेरचा कोपरा बघा. भरलाय." पुढे. "पंधरा. आता डावीकडेही आहे. दोन्ही." पुढे. "सतरा. जबड्याखाली, इथे आणि इथे. एकोणीस, तेच, जास्त." त्यांचा आवाज परत चढायला लागला होता. मग त्या सहाव्या पासवर थांबल्या. "हे काय?"

सहाव्या पासवर, ऑगस्ट एकवीसच्या तारखेला, बारीक झालेल्या चेहऱ्यावर दोन्ही पापण्या जागच्या जागी होत्या. जबड्याखाली काही नव्हतं.

"हा तुम्ही केलाय का?" डॉक्टरांनी संशयाने विचारलं.

"मी नाही!" नवनाथराव जवळजवळ ओरडले. "नाथाला विचारा."

"त्या सालात कोरोना झाला होता ह्यांना," सिंधुबाई म्हणाल्या. "एप्रिल-मेमध्ये. वीस दिवस हॉस्पिटलात. घरी आले तेव्हा असले दिसत होते म्हणून सांगू! वाळले होते, पण तोंडावरची सूज अशी उतरलेली, छान. मी म्हणलं पण, नवरदेव आला."

"आई."

"खरं तेच सांगतेय. दिवाळीपर्यंत परत फुगले."

"गोळ्या कोणत्या होत्या?" डॉक्टरांनी विचारलं. निकिताने मोबाईलमध्ये शोधून डिस्चार्जचा कागद काढला. तिच्याकडे सगळ्या कागदांचे फोटो असत. डॉक्टरांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "स्टेरॉइड. घरी गेल्यावरही सहा आठवडे, कमी करत करत." त्या मागे टेकल्या. "म्हणजे कोरोनासाठी दिलेल्या गोळ्यांनी डोळ्याची सूज उतरली, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही."

"माझ्या आलं होतं," सिंधुबाई म्हणाल्या.

"मग कॅन्सर नाही ना?" निकिताने विचारलं.

"तसं मी आज म्हणणार नाही. त्या गोळ्यांनी काही कॅन्सरही तात्पुरते उतरतात. म्हणून आता गोळी सुरू करायची नाही, आधी तुकडा. पण डोळा काढायची शुक्रवारची घाई मी मानत नाही. एवढं लिहून द्यायला तयार आहे." त्यांनी फोन उचलला, आधी मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना, मग लॅबला. लॅबवाल्याला त्यांनी काय सांगितलं ते नवनाथरावांना अर्धंच कळलं, पण सुरुवात कळली: "तेरा वर्षांची हिस्टरी आहे. दोन्ही बाजू. लाळेच्या ग्रंथीसुद्धा. हो, फोटो आहेत. नाही, स्टुडिओतले नाहीत, विश्वासाचे आहेत."

तुकडा शनिवारी काढला. पापणीच्या घडीतून, दोन टाके. रिपोर्टला दहा दिवस लागतील असं सांगितलं होतं, बारा लागले. त्या बारा दिवसांत नवनाथरावांनी अल्बम परत उघडले नाहीत. ते सहा पास मात्र टेबलावर होते, किल्ल्या काढून ठेवलेल्या, आणि येताजाता त्यांची नजर तिकडे जायची. बारा सालचा तो माणूस. निकिताच्या क्लासच्या वेळा पाठ असलेला, स्टुडिओ चालेल की नाही या काळजीत नीट न झोपणारा, दुपारी डबा खाऊन थेट केबिनमध्ये आलेला. ओठाच्या कडेला बहुतेक शेवेचा कण होता. पंधरा सालचा, थोडा अधिक थकलेला. त्यांना ते दिवस आठवत होते. या माणसाला मात्र ते कधी भेटले नव्हते. अल्बममधले दिवस त्यांनी इतके साफ केले होते की त्यांत कोणी राहून गेल्याची खूण नव्हती. ती खूण नाथाच्या कॅमेऱ्यात उरली होती, आणि नाथाला तर फोटो नीट काढायचेही नव्हते, फक्त चुकीचा माणूस आत जाऊ द्यायचा नव्हता.

"एवढं काय बघताय?" सिंधुबाईंनी एकदा विचारलं.

"वाईट आहेत गं फार."

"मला हेच ओळखीचे वाटतात."

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर गांगुर्डेंनी तो फोनवर सांगितला नाही, बोलावून घेतलं. आत गेल्यावर त्यांनी कागद फिरवून पुढे केला, जणू पाळदे कुटुंबाला तो वाचता येणार होता. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. लॅबवाल्याने खास रंग देऊन ज्या पेशी शोधल्या, त्या सापडल्या होत्या, भरपूर. रक्तातही तेच. म्हणजे डॉक्टर म्हणाल्या होत्या ती नुसती सूजच; आजाराचं नाव आयजीजी-फोर होतं. "हे नाव नाही, गाडीचा नंबर वाटतो," नवनाथराव म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज फुटला. निकिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सिंधुबाईंनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले.

"डोळा जाणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण हा आजार चिवट आहे. गोळ्या कमी करताना परत डोकं वर काढू शकतो. तपासणी चुकवायची नाही."

दोन महिने गोळ्या झाल्या. पिंपळ पुन्हा एक झाला. भूक राक्षसासारखी लागायला लागली, गाल फुगले, झोप उडाली. सिंधुबाईंनी डब्यांना झाकणाऐवजी कुलपं लावायची भाषा केली. पण चष्म्याची काच पापण्यांना टेकेनाशी झाली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी परत ती आरशांची पट्टी लावली. डॉक्टरांनी एकदा वाचलं, खात्रीसाठी परत वाचलं.

"उजवा एक मिलिमीटर पुढे. सहाचा एक झाला काका. फार छान."

"तो एकही जाईल ना?"

"सांगता येत नाही. इतक्या वर्षांची सूज आहे, आत थोडं घट्ट झालेलं असतं. राहीलही कदाचित. नजर पूर्ण आहे, दोन-दोन दिसत नाही, हे महत्त्वाचं."

नवनाथरावांचा उजवा अंगठा आणि तर्जनी नकळत जवळ आले होते, काहीतरी बारीक धरल्यासारखे. एक मिलिमीटर म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"असू द्या हो डॉक्टर," सिंधुबाई म्हणाल्या. "त्यांचं काय आता कुठं लग्न जमवायचंय."

निकिता आधी हसली. मग डॉक्टर, मनमाडच्या आवाजात, इतक्या मोठ्याने की बाहेरच्या पेशंटने दार ढकलून आत बघितलं. नवनाथरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, समोरच्या आरशात बघितलं, डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा.

"पुढच्या तपासणीची तारीख कुठली?" त्यांनी विचारलं.